सहाव्या चित्राची वरची बाजू

मार्गशीर्षात एका मंगळवारी सकाळी माझी बायको नंदा गेली. मी चहा करायला घरात गेलो होतो. ती शेडमध्ये खुर्चीवर बसली होती. भट्टी पेटलेली होती. मी कप घेऊन आलो तेव्हा ती गेलेली होती. शेजारी आले. वैरागहून तिचा भाऊ आला. दुपारी मी शेडमध्ये जाऊन भट्टीचा गॅस बंद केला. खुर्चीसमोर सहावं चित्र भिंतीला टेकवलेलं होतं. काळी बाजू वर होती.

या अंकाच्या संपादकांनी व्यवसायातले अनुभव लिहायला सांगितले, तेव्हा लिहिल्यानं मन मोकळं होतं असंही ते म्हणाले. मन मोकळं होईल की नाही ते माहीत नाही. त्यांची पानं भरतील एवढं नक्की. मी सावकाश लिहितो. बोलायचं काम आमच्या घरात नंदाकडे होतं.

आम्ही दोघंही शाळेत चित्रकला शिकवत होतो. नोकऱ्या संपल्यावर विजापूर रोडला घरामागं पत्र्याची शेड घातली. अर्ध्या शेडमध्ये ती चित्रं काढायची, अर्ध्यात मी मातीची भांडी घडवायचो. तिची चित्रं निसर्गाची, पण त्यांत झाड नाही, झोपडी नाही, नदी नाही, माणूस तर नाहीच. रंगांचे आडवे पट्टे, त्यांवर खरवडलेल्या रेघा, आणि रंगात मिसळलेली वैरागच्या रानातली चाळलेली काळी माती. लोक म्हणायचे, "मॅडम, शाळेत तर तुम्ही आमच्या पोराला चांगला डोंगर शिकवला होता."

"व्हय की," ती म्हणायची. "दोन डोंगर, मधी सूर्य, खाली नदी. जन्मभर तेच शिकवलं. सोलापुरात डोंगर कुटं हाय? आता त्याचं प्रायश्चित्त चाललंय."

गिऱ्हाईक हसायचं आणि माझ्याकडे वळून विचारायचं, "सर, हे पेंटिंग तुम्ही कधी काढलं?" चित्र पुरुषानं काढलेलं असणार आणि मडकी बाईनं केलेली असणार, ही आमच्या गावाची पक्की समजूत आहे. मी खुलासा करायला तोंड उघडेपर्यंत नंदा म्हणायची, "त्यांना लई येळ लागतो. चित्र काढायला न्हाय, बोलायला."

माझं कामही थोडक्यात सांगतो. भांडं चाकावर उतरवायचं, वाळवायचं, एकदा भाजायचं. मग त्यावर झिलई चढवून पुन्हा भट्टीत घालायचं. झिलई मी राखेची करत असे. संक्रांतीच्या सुमाराला तुरकाट्यांची राख, सुगी झाली की ज्वारीच्या धाटांची, त्याच्या मागोमाग करडईची. ज्वारीची राख दुधासारखी पांढरट उतरते, तुरीची राख भांड्यावरून ओघळते. त्यामुळे माझ्याकडे ऋतू डब्यांत भरून ठेवलेले असत. भट्टीला एक भोक असतं. त्यातून आत ठेवलेला मातीचा लहानसा सुळका दिसतो. सुळका वाकला की झिलई वितळली, भट्टी झाली. सुळका ताठ असताना भट्टी बंद केली तर माल कच्चा राहतो. राख वितळत नाही, नुसती चिकटून बसते, आणि भांड्यातून पाणी पाझरतं. कुंभारकामातली ही पहिली इयत्ता आहे. ती इथं सांगण्याचं कारण पुढं येईल.

भांड्यांची गिऱ्हाइकं चित्रांच्या गिऱ्हाइकांपेक्षा सरळ असत. त्यांना फक्त सगळं एकसारखं हवं असे. एका लग्नघरानं आहेरासाठी कप नेले आणि दुसऱ्या दिवशी परत आणले. नवऱ्यामुलाची आई म्हणाली, "सर, कप छानच आहेत. पण एक बोटभर उंच आणि एक बुटका. उंच कुठल्या जावेला द्यायचा ते तुम्ही सांगा, म्हणजे भांडण तुमच्या नावावर होईल." मी हातानं केलेल्या वस्तूचं सौंदर्य यावर बोलू लागलो. नंदानं सगळे कप पुन्हा खोक्यात भरले आणि म्हणाली, "चादरी द्या. सगळ्या एका मापाच्या असत्यात." लग्नघर समाधानानं गेलं.

चित्रांचं एक गिऱ्हाईक मात्र विसरता येत नाही. बार्शीचे एक आडते सोफ्याच्या वर लावायला काहीतरी बघायला आले होते. नंदाच्या एका चित्रासमोर ते बराच वेळ उभे राहिले. आम्हाला वाटलं, चला, एक रसिक सापडला.

"बाई, हे आमचंच रान हाय," ते म्हणाले.

"असंल की," नंदा म्हणाली.

"असंल न्हाय, हायच. मोबाईलवर वरनं बघितलं तर डिट्टो असंच दिसतं. हा वढा, ही आमची पट्टी, ही चुलत्याची." मग बोट एका रेघेवर ठेवून ते थांबले. "ही रेघ जरा पलीकडं सरकवावी लागंल. चुलत्यानं बांध कोरलाय. पोरं रोज हे बघणार, त्यांच्या डोक्यात चुकीचं बसायला नको."

"मोजणी आणा," नंदा गंभीरपणे म्हणाली. "सरकारी मोजणीची खूण दावा, लगेच सरकवते."

"मोजणीला तारीख मिळंना ओ."

"मग चित्राला बी मिळणार न्हाय."

त्यांनी रेघेसकट चित्र नेलं. पुढे कधीतरी बार्शीच्या बाजारात भेटले तेव्हा समाधानी दिसले. चुलता घरी जेवायला आला होता, चित्र बघून काही बोलला नाही, आणि न बोलणं म्हणजे कबुली असं त्यांनी धरलं होतं.

या सगळ्यात नंदाची कामाची एक रीत होती, ती सांगायला हवी. चित्र झालंसं वाटलं की ती ते इझलवरून उतरवायची, खालची बाजू वर करून भिंतीला टेकवायची आणि समोर खुर्ची टाकून चहा घ्यायची. "नांगरट म्हंजे तरी काय? खालचं वर करून बघायचं. त्यातनं बी रानच दिसलं तर रान खरं." चहा संपल्यावर निकाल लागायचा. चित्र टिकलं तर ते सरळ करून ती कोपऱ्यात एक लहानसा ‘नं’ काढायची. नाही टिकलं तर पुन्हा रंग. त्या चहाच्या वेळी मी बोलायचं नाही, असा नियम होता. हा नियम पाळणं मला कधीच जड गेलं नाही.

तर, सहा चित्रं. शहरातल्या एका डॉक्टरांनी नवीन हॉस्पिटल बांधायला काढलं होतं. त्यांना प्रवेशाच्या मोठ्या भिंतीवर सहा ऋतू हवे होते आणि प्रत्येक चित्राखाली त्या ऋतूचं एक भांडं. कल्पना त्यांच्या इंटिरियर डिझायनरची होती. तिचं नाव रेवती. ती पुण्याहून यायची, आणि वस्तूला हात लावण्याआधी तिचा फोटो काढायची.

"सोलापूरचे सहा ऋतू म्हंजे लई अवघड काम," नंदा डॉक्टरांना म्हणाली. "चार उसने आणावे लागतील."

"तुम्ही काढा हो, मॅडम. फक्त जरा हिरवं असू द्या. पेशंटला हिरवं बघून बरं वाटतं."

"वळसंगच्या कोरड्या रानातला पेशंट हिरवं बघून म्हणंल, मला कोकणात आणून टाकलं. त्याला बरं कसं वाटंल?"

डॉक्टर हसले, पण त्यांनी हिरव्याचा आग्रह सोडला नाही. वसंत झाला, त्यात उन्हानं पांढरी पडलेली धसकटं. डॉक्टर म्हणाले, छान, पण हिरवं? ग्रीष्म झाला, नांगरलेली ढेकळं. शरद झाला, पेरणीआधीची ओली काळी जमीन. हेमंतात ज्वारी उभी होती, तिथं नंदानं मनावर दगड ठेवून थोडं हिरवट वापरलं. शिशिरात करडईचा पिवळा, आणि तोही वाळल्यावर असतो तसा. प्रत्येक चित्राच्या वेळी डॉक्टरांची आशा पुढच्या ऋतूवर जायची. शेवटी एकच राहिला.

"मॅडम, निदान पावसाळा तरी हिरवा असेल ना?"

"बघू. पावसाचं शेवटीच काढणार. हितं तो बी शेवटीच येतो."

ते चित्र ती बरेच दिवस काढत होती. दोनच पट्टे होते, एक काळा आणि एक फिकट मातकट, आणि दोन्हींच्या मधे एक पुसल्यासारखी रेघ. काढताना ती कॅनव्हास सारखी फिरवायची. कधी काळा पट्टा खाली असायचा, कधी वर. काळा खाली ठेवला तर पाऊस पडून गेलेला, रान भिजलेलं, आभाळ रिकामं. काळा वर ठेवला तर आभाळ भरून आलेलं आणि खाली रान कोरडं. एका बाजूनं बघितलं तर पाऊस झाला. दुसऱ्या बाजूनं बघितलं तर अजून व्हायचा आहे.

त्या मंगळवारच्या आदल्या संध्याकाळी ते इझलवर होतं, काळी बाजू खाली. सकाळी ती म्हणाली, "चहा टाका," आणि चित्र उतरवायला उठली. तेव्हा ते तिच्या लेखी झालंसं होतं आणि ती ते उलटं करून बघत होती? की फिरवता फिरवता तिला काळी बाजू वर हीच सुलटी वाटली होती, आणि बघायचं अजून बाकी होतं? निकाल चहानंतर लागायचा होता.

दुखवट्याला येणारे लोक शेडमध्येही डोकावत. त्यांतले एक निवृत्त बँक अधिकारी माझ्या खांद्यावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले आणि मग म्हणाले, "आर्टिस्ट गेल्यावर भाव वाढतात म्हणतात. घाई करू नका." दुसऱ्या एका गृहस्थांनी, चित्रं ‘मॅडमची’ होती हे त्यांना आजच कळलं, असं सांगितलं. त्यांना वाटत होतं मी काढतो. आता पुढं काढणार की नाही, असंही त्यांनी विचारलं.

दिवस झाल्यावर मी भट्टी उघडली. त्यात सहा ऋतूंची सहा भांडी होती. सगळी कच्ची. झिलई वितळली नव्हती, भांड्यांवर राख चिकटून राहिली होती, भेगाळलेली, खरखरीत. मी ती फोडायला बाजूला ठेवली. त्याच दुपारी रेवती आली. तिनं आधी फोटो काढले, मग नमस्कार केला, मग वाईट वाटल्याचं सांगितलं. मग फोडायच्या ढिगापाशी जाऊन ती गुडघ्यांवर बसली.

"सर," ती हळू आवाजात म्हणाली, "हे तुम्ही त्यानंतर केलंत?"

"त्या दिवशीच होतं भट्टीत."

"दिसतंय. काय रॉ आहे हे. यात सगळं आलंय, सर."

"कच्चं आहे ते," मी म्हणालो.

"तेच म्हणतेय मी."

"म्हणजे भाजलं गेलं नाही. भट्टी लवकर बंद केली."

तिनं मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं. मग तिची नजर फळीवरच्या डब्यांकडे गेली. "झिलईला राख वापरता ना तुम्ही? ही राख… कुणाची असते?"

"कडब्याची."

"अच्छा," ती म्हणाली. पुढचा प्रश्न तिनं विचारला नाही, याबद्दल मी तिचा आभारी आहे. ती थोडी निराश झाल्यासारखी मात्र दिसली.

त्यात पाणी घालायचं नाही, असं मी तिला दोनदा सांगितलं. सहाही भांडी ती घेऊन गेली. उद्घाटनाच्या तयारीत तिनं सगळ्यात मोठं भांडं रिसेप्शनच्या टेबलावर ठेवलं, त्यात पाणी घातलं आणि पाण्यात कमळं सोडली. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला.

"सर, पॉट रडतोय."

"पाझरतोय. पाणी काढा."

"नाही, तुम्ही बघायला पाहिजे. बाहेरून थेंब येतायत. मी व्हिडिओ केलाय, लोक म्हणतायत अंगावर काटा आला."

"टेबल कशाचं आहे?" मी विचारलं.

टेबल प्लायवूडचं होतं. दुपारपर्यंत ते फुगलं. डॉक्टरांच्या अंगावरही काटा आला असावा, कारण भांड्यातली कमळं लगेच निघाली. तरीही त्या व्हिडिओमुळे मला अशाच फिनिशच्या भांड्यांसाठी फोन येऊ लागले. एका हॉटेलला ओळीनं मांडायला हवी होती. अगदी हेच दुःख पाहिजे, पण थोडं उजळ रंगात, असं त्या माणसाचं म्हणणं पडलं. कृती सोपी आहे. सुळका वाकायच्या आधी भट्टी बंद करायची. मी त्यांना सांगितलं, ते मला जमत नाही.

मग चित्रांसाठी रफीकभाई आले. आमच्या चित्रांच्या फ्रेमा तेच करत. नंदानं सही केली की ते चित्र न्यायचे, मागं वरच्या बाजूला हुक मारायचे. पाच चित्रं त्यांनी आधीच नेली होती. सहावं भिंतीशी होतं. ड्रिल खाली ठेवून ते चित्रासमोर उकिडवे बसले.

"मास्तर, हुक किधर मारू?"

मी चित्राच्या कडेवरची धूळ पुसली.

"सही किधर है? सहीच नै तो वरचं कसं समजणार?" त्यांनी चित्राच्या चारी कोपऱ्यांवरून नजर फिरवली. "भाभीकू पूछे बगैर मैं कब्बी हुक नै मार्‍या."

"मला माहीत नाही, रफीकभाई."

"तुमी बाजूलाच असायचे की."

"चहा करत होतो."

रफीकभाईंनी ड्रिल पिशवीत घातलं. चहा विचारला तर नको म्हणाले. जाताना दारात थांबून म्हणाले, "डॉक्टर मला फोन करतोय. मी सांगतो, लाकूड वलं हाय. तेवढ्यात तुमी ठरवा."

ओल्या लाकडावर काही दिवस निघाले. मग डॉक्टर स्वतः आले. माणूस वाईट नाही. त्यांनी चित्र नीट पाहिलं, फोनवर त्याचा फोटो काढून फोनच दोन्हीकडं फिरवून पाहिला.

"सर, दोन्ही बाजूनं छान दिसतंय. ॲबस्ट्रॅक्टच तर आहे. कुणाला काय कळणार?"

"तिला कळायचं."

"हो, पण…" ते थांबले. मग मऊ आवाजात म्हणाले, "सही तुम्ही करा ना. एक ‘नं’ तर आहे. तुम्हाला जमेल. मॅडमनासुद्धा पाच लागून एक रिकामं राहिलेलं आवडलं नसतं."

हे शेवटचं वाक्य ते खरं बोलले होते, आणि म्हणून मी दोन दिवस त्याचा विचार केला. तिचा ‘नं’ मला येतो. शाळेच्या कागदांवर तिनं तो काढताना मी वर्षानुवर्षं पाहिला होता. ब्रश घेऊन मी चित्रासमोर बसलोही. पण सही करायची तर कोपरा ठरवावा लागतो. कोपरा ठरवला की पाऊस पडून गेला, नाहीतर पडणार आहे, हे मी तिच्या वतीनं सांगितल्यासारखं होतं. तिच्या वतीनं मी आजवर कधी बोललो नव्हतो, लोक माझ्याकडे वळून विचारत तेव्हासुद्धा. मी ब्रश धुतला आणि डॉक्टरांना कळवलं की सहावं चित्र झालेलं नाही, ते मी देणार नाही.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी सहाव्या जागेसाठी कॅनव्हासवर छापलेला एक मोठा फोटो मागवला. धबधबा, भातखाचरं, छत्री घेतलेली मुलगी, सगळीकडं हिरवं. खाली ‘वर्षा’ अशी पितळी पट्टी. उन्हाळ्यानंतर मी माझा खोकला दाखवायला त्या हॉस्पिटलात गेलो. प्रवेशाशी गर्दी होती आणि सगळे त्या धबधब्यासमोर उभे राहून फोटो काढत होते. एक आजी नातवाला म्हणत होत्या, "बाकीची जळालेली वाटत्यात बघ, एवढंच चांगलं आलंय."

मी बाकीच्यांकडे पाहिलं. मधे कधीतरी भिंतीला पुन्हा रंग दिलेला दिसत होता, त्यासाठी चित्रं उतरवून परत चढवली होती. रफीकभाईंचे हुक काढून कुणीतरी स्क्रूनं पक्की बसवली होती. शरद उलटा बसवला होता. तिचा ‘नं’ वरच्या कोपऱ्यात होता, डोक्यावर उभा.

मी रांगेतल्या खुर्चीवर त्या चित्रासमोर बसलो. हॉस्पिटलच्या मशीनमधला चहा घेतला. चहा संपेपर्यंत बघितलं. पेरणी व्हायच्या आधीची ओली काळी जमीन वर होती आणि आभाळ खाली, आणि तरीही ते रानच होतं. टिकलं होतं. काउंटरवर जाऊन सांगावं असं एकदा मनात आलं. मग माझा नंबर पुकारला आणि मी आत गेलो.

आता मी भट्टी थोडीच लावतो. सुळका वाकेपर्यंत थांबतो. राखेचे डबे भरलेले आहेत. तुरीचा यंदाचा अजून भरायचा आहे. तिची खुर्ची शेडमध्ये आहे. सहावं चित्र तिनं ठेवलं तिथं, भिंतीला टेकून आहे. काळी बाजू वर आहे. सही नाही.